कर्करोग : हजारो उत्परिवर्तनांतून टिकून राहिलेली मोजकी

सूक्ष्मदर्शी

गाठीच्या नमुन्यातील डीएनए वाचून त्यावर अहवाल तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पण अहवाल हातात पडल्यावर माणसे जे प्रश्न विचारतात ते मात्र सतत कानांवर पडतात. त्यांतला सर्वांत नेहमीचा प्रश्न असा : 'कॅन्सरचे जनुक सापडले का?' याला हो किंवा नाही असे उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही, कारण कर्करोग व्हावा म्हणून शरीरात ठेवलेले असे कोणतेही जनुक नसते. पेशीने केव्हा दुभंगावे, केव्हा थांबावे, शेजारणीला किती घट्ट धरून राहावे आणि फारच बिघाड झाला तर स्वतःहून केव्हा मरावे, हे ठरवणारी जनुके असतात, आणि ती प्रत्येक निरोगी माणसातही असावीच लागतात. कर्करोगात त्यांच्यापैकी काहींचा मजकूर बदललेला असतो. त्या बदलाला पाठ्यपुस्तकांत उत्परिवर्तन म्हणतात. बोलताना आम्ही सगळे म्युटेशनच म्हणतो.

ही साधी वाटणारी गोष्ट कळायला बराच काळ गेला. कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळून त्यातील सगळ्या पेशी काढून टाकल्या, तरी तो अर्क टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीत तशीच गाठ उठते, हे पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवले. गाठ उठवणारा घटक विषाणू निघाला आणि पुढे त्या विषाणूतले नेमके जनुकही सापडले; त्याला सार्क म्हणतात. रोग बाहेरून येतो असे मानायला हा भक्कम पुरावा होता. १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने मात्र तेच जनुक निरोगी पक्ष्यांच्या पेशींत असल्याचे दाखवले. विषाणूने ते कधीतरी कोंबडीकडूनच उचललेले होते. चोराच्या पिशवीत सापडलेली वस्तू घरचीच निघाली, असाच हा प्रकार होता.

एक बदल अगदी जवळून पाहू. एचरास नावाचे जनुक १८९ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार करते. पेशीबाहेरून वाढीचा निरोप आला की हे प्रथिन चालू होते, आणि निरोप पुढे पोचवून झाला की आपल्याला चिकटलेल्या जीटीपी या रेणूचे टोक तोडून स्वतःच बंद होते. मूत्राशयाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींत १९८२ साली असे आढळले की, या जनुकात बाराव्या अमिनो आम्लासाठी जिथे डीएनएची 'जीजीसी' ही तीन अक्षरे असायला हवीत, तिथे 'जीटीसी' झाले आहे. मधले एक अक्षर बदलले आणि ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आले. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. व्हॅलिनचा आकार त्याच्यापेक्षा मोठा असल्यामुळे नेमक्या त्या अरुंद जागेत अडचण होते, टोक तोडण्याचे काम होत नाही, प्रथिन बंद होत नाही, आणि कोणीही निरोप पाठवलेला नसताना ते पेशीला 'वाढ, वाढ' असे सांगत राहते. साधारण ३०० कोटी अक्षरांच्या मजकुरात बदललेले अक्षर एकच.

हा वेग वाढवणारा प्रकार झाला. यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरते. वाढ रोखणाऱ्या जनुकांचा हिशेब वेगळा असतो आणि तो आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली, कोणतेही जनुक डोळ्यांसमोर नसताना, मांडला. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्यांना रोग फार लवकर झालेला होता, आणि ज्यांच्या एकाच डोळ्यात गाठ होती व घरात पूर्वी कोणाला हा रोग नव्हता त्यांना तो उशिरा झालेला होता. केवळ वयांच्या आलेखावरून त्यांनी अनुमान काढले की या रोगाला दोन घाव लागतात. पहिल्या गटातील मुले एक घाव जन्मतःच घेऊन आलेली असतात, तर दुसऱ्या गटात दोन्ही घाव एकाच पेशीवर नंतर पडावे लागतात. आरबी१ हे जनुक १९८६ मध्ये हाती लागले आणि अनुमान खरे ठरले. कर्करोगाच्या संशोधनातील इतकी देखणी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

आता मुख्य मुद्दा. एखाद्या प्रौढ माणसाच्या गाठीचा डीएनए संपूर्ण वाचला तर त्यात हजारो बदल सापडतात, आणि त्वचेच्या मेलानोमात तर ही संख्या आणखी पुष्कळ मोठी असते. त्यांतले बहुसंख्य बदल कसलाही फरक न करणारे, नुसते सोबत आलेले असतात. २०२० साली ३८ प्रकारच्या कर्करोगांच्या २६५८ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक गाठीमागे गाठ खरोखर पुढे नेणारे बदल सरासरी चार ते पाचच आढळले. पहिल्या प्रकाराला आम्ही प्रवासी म्हणतो आणि दुसऱ्याला चालक. प्रवासी आणि चालक यांच्या कपाळावर तसे लिहिलेले नसते. ते ओळखावे लागतात. एकच बदल निरनिराळ्या रुग्णांत पुन्हा पुन्हा, अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा दिसू लागला, तर तो पेशीला काहीतरी फायदा करून देत असला पाहिजे, असा तर्क करावा लागतो. म्हणजे चूक योगायोगाने होते, पण ती टिकणे आणि वाढणे योगायोगाने होत नाही. पीटर नॉवेल यांनी १९७६ सालीच गाठीची वाढ ही पेशींमधली उत्क्रांती आहे अशी मांडणी केली होती, आणि त्यानंतरचे बहुतेक सगळे निष्कर्ष त्याच दिशेने गेलेले आहेत. या धाग्यावर चर्चा करायची असेल तर ती या मुद्द्यावर व्हावी अशी इच्छा आहे.

अर्धविराम

लेख आवडला. 'जीजीसी'चे 'जीटीसी' वाचताना 'ध'चा 'मा' आठवल्याशिवाय राहिला नाही. एका अक्षराच्या बदलाने 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि माणूस जिवाला मुकला; इथेही तसेच म्हणता येईल का?

सूक्ष्मदर्शी

अक्षराच्या किमतीपुरती उपमा चपखल आहे, पण पुढे ती दिशाभूल करते. त्या गोष्टीत अक्षर बदलणाऱ्याचा हेतू होता. पेशीत कोणाचाच हेतू नसतो. त्यापेक्षा हाताने नक्कल होणाऱ्या पोथीची कल्पना करा. लेखनिकाकडून कुठे काना सुटतो, कुठे वेलांटी उलटी पडते, आणि अशा शेकडो प्रमादांनी अर्थात काहीच फरक पडत नाही. पण एखाद्या प्रतीत असा प्रमाद झाला की त्या प्रतीची नक्कल इतरांपेक्षा झटपट होऊ लागली, तर काही पिढ्यांनी सगळे कपाट त्याच चुकीच्या प्रतींनी भरलेले दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल की कोणीतरी मुद्दाम कट केला आहे.

शंकेखोर

गणित पटत नाही. पेशी दुभंगताना दोन्ही संचांची मिळून ६०० कोटी अक्षरे उतरवली जातात, शरीरात लाखो कोटी पेशी आहेत, आणि वर्षानुवर्षे हे चालते. चुका इतक्या सहज होत असतील तर प्रत्येकाला विशीतच कर्करोग व्हायला हवा. होत नाही, याचा अर्थ उत्परिवर्तनांचे महत्त्व फुगवून सांगितले जात आहे असा का घेऊ नये? दुसरे असे की, काही वर्षांपूर्वी दोन तृतीयांश कर्करोग केवळ दुर्दैवाने होतात अशी बातमी सगळीकडे झळकली होती. तसे असेल तर तंबाखू सोडा वगैरे उपदेश कशासाठी?

सूक्ष्मदर्शी

पहिला प्रश्न रास्त आहे. नक्कल करणारे विकर (एन्झाइम) सुरुवातीला लाखभर अक्षरांमागे एखादी चूक करते, पण त्यातल्या बहुतेक चुका ते लगेच मागे सरकून खोडते, आणि त्यातूनही निसटलेल्या चुका शोधणारी वेगळी प्रथिने मागाहून फिरतात. या सगळ्यानंतर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी किंवा त्याहूनही कमी चूक शिल्लक राहते. दुरुस्तीच्या या यंत्रणा उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या यंत्रणेचीच जनुके बिघडली तर काय होते ते लिंच सिंड्रोम असलेल्या घराण्यांत दिसते : चुका कित्येक पटींनी वाढतात आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ऐन उमेदीत गाठतो.

त्यानंतरही पी५३ हे प्रथिन असते. डीएनएला इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते आणि इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते. सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले सापडते. गंमत अशी की १९७९ साली हे प्रथिन सापडल्यावर जवळजवळ दहा वर्षे त्याला कर्करोग वाढवणारे समजले जात होते, कारण संशोधकांच्या हाती लागलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ च्या सुमारास ते खरे तर रोखणारे आहे हे स्पष्ट झाले. हत्तीच्या पेशींची संख्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठी असूनही त्याला कर्करोग क्वचितच होतो, आणि त्याच्याकडे या जनुकाच्या सुमारे वीस जोड्या आहेत, हे २०१५ साली लक्षात आले. आपल्याकडे एकच जोडी असते.

पण तुमच्या शंकेचे सर्वांत रोचक उत्तर निरोगी माणसांतच सापडले. वयस्क व्यक्तींच्या पापण्यांची निरोगी त्वचा तपासली तेव्हा तिच्यातील सुमारे १८ ते ३२ टक्के पेशींत चालक म्हणावेत असे बदल आढळले. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात तर नॉच१ या जनुकाचे बदल अन्ननलिकेच्या कर्करोगापेक्षाही कितीतरी अधिक प्रमाणात आढळले. म्हणजे बदललेल्या पेशी आपल्या सगळ्यांत आहेत, त्या शेजारच्या पेशींना ढकलून आपली जागा वाढवतही आहेत, आणि तरीही गाठ झालेली नाही. काही बदल पेशीला पसरायला मदत करतात पण तिला कर्करोगाच्या वाटेवरून दूरही नेत असावेत, असे नॉच१ वरून वाटते. त्यामुळे उत्परिवर्तनांचे महत्त्व फुगवलेले आहे असे मी म्हणणार नाही, मात्र एक उत्परिवर्तन म्हणजे कर्करोग हे समीकरण चूक आहे, हे तुमच्याइतकेच ठामपणे म्हणेन.

दुर्दैवाची बातमी २०१५ सालच्या तोमासेत्ती आणि फोगेलस्टाइन यांच्या लेखावरून आली. एका अवयवाचा कर्करोग दुसऱ्यापेक्षा जास्त का होतो, या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्या अवयवातील मूळ पेशी (स्टेम सेल) आयुष्यात किती वेळा दुभंगतात यावरून सांगता येतो, असे त्या लेखाचे म्हणणे होते. अवयवांमधला फरक आणि रुग्णांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीदारांनी त्या एक केल्या. तंबाखूबद्दल म्हणाल तर रोज एक पाकीट सिगारेटी वर्षभर ओढल्यास फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे जादा उत्परिवर्तने साठतात, असा हिशेब २०१६ साली मांडला गेला आहे. धुरातील बेंझोपायरीन डीएनएच्या 'जी' अक्षराला चिकटते आणि नक्कल होताना तिथे 'टी' येते. ही खूण इतकी ठसठशीत असते की फुप्फुसाच्या गाठीचा नुसता डीएनए वाचूनही रुग्ण धूम्रपान करत होता का याचा चांगला अंदाज येतो. उन्हाची खूण वेगळी असते : तिथे शेजारशेजारच्या दोन 'सी'च्या जागी दोन 'टी' दिसतात. आणि सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळजवळ कोऱ्या डीएनएच्या पेशींचा गट पुन्हा वाढू लागलेला दिसतो, हेही २०२० साली दिसून आले आहे.

पानगळ

मी बरेच दिवस नुसती वाचक आहे. आज लिहिण्याचे धाडस करते. माझ्या भावाच्या फुप्फुसाच्या गाठीच्या अहवालात 'ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन आढळले' असे लिहून आले. ज्या ठिकाणी अहवाल मिळाला तिथे कोणी काही समजावून सांगितले नाही आणि 'दोष जनुकातच आहे' एवढेच वाक्य कानावर पडले. तेव्हापासून वहिनी दोन्ही मुलांकडे पाहून रडते आहे. आमच्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता, पण ती वडिलांच्या बाजूची असल्यामुळे तिचा संबंध नाही असे आम्ही धरून चाललो होतो. आता सगळाच गोंधळ झाला आहे.

सूक्ष्मदर्शी

पानगळताई, तुमच्या वहिनींना आधी हे सांगा की गाठीत सापडलेला बदल आणि जन्मतः मिळालेला बदल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फुप्फुसाच्या गाठीत सापडणारे ईजीएफआरचे बदल बहुतेक सर्व वेळा त्या व्यक्तीच्या हयातीत, फुप्फुसातल्याच एखाद्या पेशीत झालेले असतात. ते शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत नसतात, त्यामुळे ते मुलांकडे जात नाहीत. उलट या बदलावर थेट काम करणाऱ्या गोळ्या उपलब्ध असल्यामुळे तो सापडणे डॉक्टरांच्या दृष्टीने उपयोगाचे असते. 'जनुकातला' हा शब्द ऐकला की मराठीत आपण लगेच 'आनुवंशिक' असा अर्थ घेतो, ही भाषेची अडचण आहे, आणि ती दूर करणे अहवाल देणाऱ्यांचे काम होते.

सर्व कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमागेच जन्मतः मिळालेला ठळक बदल असतो. आत्याचा विषय मात्र बाजूला ठेवू नका. १९९४ आणि १९९५ मध्ये सापडलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतले घातक बदल वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने मिळतात. वडिलांना स्वतःला काही झाले नाही म्हणून असा बदल त्यांच्याकडे नव्हता असे ठरत नाही. बीआरसीए१ मध्ये घातक बदल असलेल्या स्त्रियांपैकी साठ टक्क्यांहून अधिकांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. आत्याला तो कोणत्या वयात झाला, घराण्यात आणखी कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, हे लिहून काढा आणि आनुवंशिक समुपदेशकांना दाखवा. ती तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते, आणि तिचा भावाच्या आत्ताच्या अहवालाशी बहुधा काही संबंध नाही.

रानवाट

चर्चा उत्तम चालली आहे, पण गाठ वाढते कशी याभोवतीच फिरते आहे. कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत, ते रोग पसरल्यामुळे होतात. मी विकृतिशास्त्र विभागात बरीच वर्षे काचपट्ट्या पाहिल्या आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मूळ जागेवरून सुटणे हेच पेशीला सोपे नसते. अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्याखाली एक चिवट पापुद्रा असतो. जठराच्या एका प्रकारच्या कर्करोगात हे चिकटवणारे प्रथिनच नाहीसे झालेले असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र विसरता येत नाही : गाठ अशी दिसतच नाही, सुट्या पेशी एकामागून एक, माळ तुटून मणी घरंगळावेत तशा स्नायूंच्या थरांत शिरलेल्या दिसतात. इतर कर्करोगांत पेशी पापुद्रा विरघळवणारी विकरे सोडतात, मग रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरतात. पुढचा प्रवास तर बहुतेकींना मारूनच टाकतो. आयझाया फिडलर यांनी १९७० साली किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडून पाहिल्या, तेव्हा नवी गाठ उभी करू शकणाऱ्या पेशी हजारात एकीपेक्षाही कमी निघाल्या.

आणि त्या कुठेही उतरत नाहीत. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. प्लीहेला रक्तपुरवठा भरपूर असूनही तिथे गाठी क्वचित होत्या, यकृतात मात्र पुष्कळ होत्या. बी वाऱ्याने सगळीकडे जाते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीत, असे त्यांचे म्हणणे होते. रक्ताचा मार्गही महत्त्वाचा आहेच. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, त्यामुळे आतड्याच्या कर्करोगाचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. पण स्तनाच्या कर्करोगाची हाडांची ओढ निव्वळ रक्ताच्या मार्गाने समजत नाही. हाडात उतरलेल्या त्या पेशी असे रेणू सोडतात की हाड झिजवणाऱ्या पेशी चेकाळतात. हाड झिजू लागले की त्यात साठवलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात. ती पिऊन कर्करोगाच्या पेशी वाढतात आणि आणखी रेणू सोडतात. माती स्वतःच बियाण्याला खत घालते, असे हे चक्र आहे. हाडांची झीज रोखणारी औषधे अशा रुग्णांना दिली जातात त्याचे कारण हेच.

शंकेखोर

रानवाट यांचा प्रतिसाद उत्तम, पण त्यात उत्परिवर्तन जवळजवळ दिसलेच नाही. पसरण्यासाठी खास असे उत्परिवर्तन आहे की नाही, याचे सरळ उत्तर मिळेल का?

सूक्ष्मदर्शी

सरळ उत्तर असे की, सगळ्या कर्करोगांना लागू पडेल असे पसरण्याचे खास उत्परिवर्तन शोधूनही सापडलेले नाही. मूळ गाठ आणि दूरची गाठ यांचे डीएनए शेजारी ठेवून वाचले तर मुख्य चालक बदल बहुतेक वेळा दोन्हीकडे तेच असतात. काही अपवाद दिसतात; स्वादुपिंडाच्या कर्करोगात स्मॅड४ हे जनुक हरवले असेल तर रोग दूरवर पसरलेला असण्याचे प्रमाण अधिक असते. पण पसरण्यासाठी लागणारे कसब पेशीला नव्याने शिकावे लागत नाही. गर्भावस्थेत काही पेशी आपली जागा सोडून शरीरभर चालत जातात, शेजारणींचा हात सोडतात आणि नव्या ठिकाणी वस्ती करतात. तो सगळा अध्याय डीएनएमध्ये असतोच, फक्त मोठेपणी मिटून ठेवलेला असतो. कर्करोगाच्या पेशी तो अध्याय पुन्हा उघडतात, आणि त्यासाठी अक्षर बदलावे लागतेच असे नाही. कोणते पान उघडे आणि कोणते बंद, या खुणा बदलल्या तरी पुरते. या खुणा बदलणे उलटही फिरवता येते, म्हणून पेशी प्रवासात सुटी होते आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा चिकटून गाठ करते.

तरीही उत्परिवर्तनांचा हात त्यात आहे, आणि तो वेळेत दिसतो. २०१० साली स्वादुपिंडाच्या सात रुग्णांच्या मूळ व दूरच्या गाठींचे बदल मोजून काळाचा अंदाज काढण्यात आला. पहिल्या चालक बदलापासून कर्करोगाची मूळ पेशी तयार व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता, आणि तिथून पसरू शकणारी शाखा निर्माण व्हायला किमान आणखी पाच वर्षे. त्यानंतर मृत्यूपर्यंतचा काळ मात्र सरासरी दोन ते तीन वर्षांचाच होता. जो रोग आपल्याला अचानक आलेला वाटतो, तो पंधरा वर्षे गुपचूप फांद्या फोडत होता, असे ते आकडे सांगतात.

जुनी वाचक

माझा प्रश्न औषधांबद्दल आहे. नेमक्या उत्परिवर्तनावर नेम धरणारी औषधे आहेत, मग ती काही रुग्णांत वर्षानुवर्षे चालतात आणि काहींत थोड्याच काळात निकामी होतात, असे का?

सूक्ष्मदर्शी

दोन उदाहरणे शेजारी ठेवते. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडजनुक तयार होते. ते आखूड झालेले गुणसूत्र १९६० साली दिसले होते, आणि १९७३ साली जॅनेट राउली यांनी ही अदलाबदल असल्याचे ओळखले. या रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात बव्हंशी एकच चालक असतो, त्यामुळे त्यावर नेम धरणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये वापरात आल्यावर या रुग्णांचे आयुष्यमान अक्षरशः पालटले.

फुप्फुसाच्या गाठीत तसे नसते. तिथे निदान होईपर्यंत गाठीत कोट्यवधी पेशी आणि त्यांच्या अनेक शाखा झालेल्या असतात. ईजीएफआरवरच्या पहिल्या पिढीच्या गोळ्यांनी गाठ झपाट्याने आकसते, पण बहुतेकांत साधारण वर्षभराने पुन्हा वाढू लागते. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत त्याच जनुकात ७९० व्या स्थानी थ्रिओनिनच्या जागी मेथिओनिन आलेले सापडते, आणि त्यामुळे औषधाचा परिणाम होत नाही. निदान काही रुग्णांत तरी हा बदल असलेल्या थोड्या पेशी उपचारापूर्वीच गाठीत असतात. औषधाने इतर सगळ्या मारल्या आणि या उरलेल्यांना मोकळे रान मिळाले. ओसिमर्टिनिब हे नंतरचे औषध त्या बदलावरही चालते, आणि मग काही रुग्णांत ७९७ व्या स्थानी आणखी एक बदल दिसू लागतो. लेखात मी निवडीबद्दल लिहिले होते, ती इथे औषधाच्या हाताने होते.

याचे दुसरे टोकही आहे. दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींत चुका इतक्या साठतात की त्यांची प्रथिने प्रतिकारशक्तीला परकी वाटू लागतात. तिचा लगाम सैल करणारी औषधे अशा गाठींवर चांगली चालतात, आणि २०१७ साली अमेरिकेत अशा एका औषधाला, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, केवळ या बिघाडाच्या आधारे मान्यता मिळाली.

पानगळ

काल भावाचा अहवाल पुन्हा काढून पाहिला. पहिल्याच पानावर नमुन्याचा प्रकार 'गाठीचा ऊतिभाग' असा लिहिलेला आहे. आम्ही तो कधी वाचलाच नव्हता. वहिनीला ती ओळ दाखवली. आत्याला त्रेचाळिसाव्या वर्षी निदान झाले होते असे काकांनी सांगितले, आणि माझ्या रक्ताच्या तपासणीसाठी पुढच्या आठवड्यात समुपदेशकांची वेळ घेतली आहे.